धुराचा अनुशेष

तीन वर्षांपूर्वी तुळजापूर तालुक्यातल्या एका शाळेत नळदुर्गच्या पाणी महालाविषयी बोलायला गेलो होतो. आभार मानताना तिथले गुरुजी ओघात म्हणाले, "लोकसंख्या वाढली, म्हणून धूर वाढला, म्हणून पाऊस बिघडला." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी निघालो तेव्हा आठवीतली एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "काका, मग आपल्या जिल्ह्याचा धूर किती?"

मला उत्तर देता आले नाही. मी वाचत-फिरत शिकलेला माणूस. रसायनशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. पण घरी येईपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. हा प्रश्न रसायनाचा जेवढा आहे तेवढाच इतिहासाचाही आहे. धूर केव्हा वाढला, कशाने वाढला, त्या वेळी माणसे किती होती आणि त्यांच्या पदरात काय पडत होते, हे सांगितल्याशिवाय 'किती' या शब्दाला अर्थ येत नाही. त्या मुलीला द्यायचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते इथे मांडतो.

माणसे, पैसा आणि धूर

आधी देशाचा हिशेब पाहू, कारण तो अधिकृत आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या पहिल्या अहवालात १९९४ सालच्या हरितगृह वायूंची मोजदाद होती. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड हे सगळे कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून बेरीज आली सुमारे १२३ कोटी टन. डिसेंबर २०२४मध्ये दिलेल्या अहवालात २०२० सालचा आकडा आहे सुमारे २९६ कोटी टन. मोजण्याच्या पद्धती मधल्या काळात थोड्या बदलल्या आहेत, पण कल स्पष्ट आहे. सव्वीस वर्षांत धूर जवळजवळ अडीचपट झाला.

याच काळात लोकसंख्या सुमारे ९० कोटींवरून १३९ कोटींच्या घरात गेली, म्हणजे दीडपट झाली. अर्थव्यवस्था, महागाई वजा करून, सुमारे चौपट झाली. धूर माणसांपेक्षा वेगाने आणि पैशापेक्षा सावकाश वाढला. माणशी धूर सुमारे १.३६ टनांवरून २.१ टनांवर आला, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. दुसरीकडे, उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचा धूर २००५ ते २०२० या काळात ३६ टक्क्यांनी घटला.

१९९०च्या सुमारास यॉइची काया या जपानी अभ्यासकाने यासाठी एक सोपा गुणाकार रूढ केला. माणसे किती, माणशी उत्पन्न किती, तेवढ्या उत्पन्नाला ऊर्जा किती लागली आणि त्या ऊर्जेत कार्बन किती. चार संख्या गुणल्या की इंधनाचा धूर मिळतो. गुरुजींनी चारांपैकी पहिली संख्या तेवढी सांगितली होती.

आता ती पहिली संख्या आपल्या जिल्ह्याला लावून पाहा. २००१च्या जनगणनेत जिल्ह्यात १४,८६,५८६ माणसे होती, २०११मध्ये १६,५७,५७६. वाढ साडेअकरा टक्के. महाराष्ट्राची वाढ त्याच दशकात १६ टक्के होती आणि ठाणे जिल्ह्याची ३६. आपली माणसे कमी वाढली, कारण ती पुणे-मुंबईकडे गेली. राज्याच्या भूमीचा अडीच टक्के भाग आपल्याकडे आहे आणि राज्याची दीड टक्का माणसे. त्यांतली ८३ टक्के खेड्यांत राहणारी. दरडोई उत्पन्न राज्याच्या सरासरीखाली. जिल्ह्यात औष्णिक वीज केंद्र नाही, तेल शुद्धीकरण नाही, पोलादाची मोठी भट्टी नाही.

समजा, औदार्याने धाराशिवच्या प्रत्येक माणसाच्या नावावर देशाची पूर्ण सरासरी मांडली, तरी बेरीज ३५ लाख टनांच्या आत राहते. कोळशावर चालणारा ५०० मेगावॉटचा एक संच वर्षभर ७० टक्के भाराने चालला तर ३० लाख टनांच्या आसपास धूर सोडतो. आपला आख्खा जिल्हा आणि एक चिमणी, अशी ही तुलना आहे. चंद्रपूरच्या केंद्रात ५०० मेगावॉटचे असे पाच संच आहेत.

धूर तिथे, दिवा इथे

चंद्रपूरचे नाव निघाले म्हणून जिल्ह्यांची तुलना कशी फसवते तेही सांगतो. त्या पाच संचांचा वरच्या हिशेबाने येणारा धूर चंद्रपूर जिल्ह्याच्या २२ लाख लोकांवर वाटला तर माणशी सुमारे पावणेसात टन होतात. चंद्रपूरचा शेतमजूर कागदावर युरोपातल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसतो. वीज मात्र मुंबई-पुण्याला जाते, आणि आपल्या विहिरींवरही येते. धूर चिमणीच्या गावात मोजायचा की बटण दाबणाऱ्याच्या घरात, यावर जिल्ह्याचा नंबर वर-खाली होतो.

माणसे मोजण्यातही अशीच गोम आहे. २०११ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. या पूर्ण काळात जो घरी नव्हता, तो जिथे सापडला तिथे मोजला गेला. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. कळंब, वाशी, भूम, परांडा भागातली कितीतरी कोयती त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यांच्या अड्ड्यावर असतात. भागाकार करताना खालचा आकडा असा हलता असतो. शिवाय १९८२पूर्वीचे सगळे आकडे लातूरसह आहेत; ते आजच्या जिल्ह्याच्या आकड्यांशेजारी मांडता येत नाहीत.

म्हणून मी बेरजेचा नाद कमी केला आणि धूर कोणत्या वळणांवर वाढला याचा माग काढला. तेव्हा दिसले की आपल्याकडे तो सुबत्तेबरोबर चढत गेला नाही. तो आपत्तीनंतर पायरी-पायरीने चढला.

तीन पायऱ्या

पहिली पायरी १९७२चा दुष्काळ. खडी फोडणारे हात, सुकडी, मिलो ज्वारी हे ज्यांनी पाहिले त्यांना मी वेगळे सांगायला नको. त्या दुष्काळाने दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक, रोजगार हमी. दुसरी, जमिनीच्या पोटातल्या पाण्याची ओढ. काळा कातळ फोडणारी बोअरची यंत्रे गावोगाव आली. आधी त्यांवर हातपंप बसले. पुढे जगभर गेलेल्या 'इंडिया मार्क-२' हातपंपाच्या मुळाशी आपल्या शेजारच्या सोलापुरात घडलेला पंप आहे. हातपंपाला माणसाचा दंड पुरत होता, धूर नव्हता. मग पाणी खोल गेले आणि विजेची मोटार आली. पाच अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली की ३० युनिट वीज जाते. आपल्या विजेच्या जाळ्यात युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. दिवसाला २१ किलो. विहिरीवर तो दिसत नाही. तो परळीला किंवा चंद्रपूरला आकाशात जातो.

परळीचे केंद्र १९७१ साली सुरू झाले, म्हणजे पंप आणि चिमणी बरोबरीनेच वाढले. आणि २०१३ व २०१५ साली हेच परळी केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. पाणी उपसण्यासाठी वीज आणि वीज करण्यासाठी पाणी. दुष्काळात दोन्ही टोके एकदम तुटली.

दुसरी पायरी ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणपती विसर्जनाहून आलेली माणसे झोपेत होती. किल्लारी, आणि आपल्याकडे तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले सास्तूर. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड धाबे असलेली घरे कोसळली आणि दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या घरांत सिमेंट नव्हते. त्यांचा धूर शून्याजवळ होता आणि त्यांनीच माणसे मारली.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घर किती मोठे द्यायचे हे जमिनीवर ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्यावरच्याला ७५०. गवंड्यांचा ठोकताळा धरला तर चौरस फुटाला ०.४ पोते सिमेंट लागते, आणि एका पोत्यामागे ढोबळमानाने ३५ किलो कार्बन डायऑक्साइड. त्या हिशेबाने भूमिहीनाच्या घराचे साडेतीन टन, मोठ्या शेतकऱ्याच्या घराचे साडेदहा टन. जमीन जशी वाटलेली होती तसाच धूरही वाटला गेला. तरीही भूमिहीनाच्या वाट्याचा तो साडेतीन टन धूर मी उधळपट्टी म्हणणार नाही. त्या बदल्यात त्याच्या डोक्यावर न कोसळणारे छप्पर आले.

तिसरी पायरी २०१२ ते २०१६ची. टँकर, चारा छावण्या, आणि एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला निघालेली पाण्याची रेल्वे. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी गेले. ती गाडी आपल्या जिल्ह्यातून गेली. कुर्डुवाडी-बार्शीकडून लातूरकडे जाणारा तो जुन्या बार्शी लाइट रेल्वेचाच मार्ग. १८९७मध्ये बार्शीपर्यंत आणि १९११मध्ये लातूरपर्यंत पोचलेली ती अरुंद मापाची गाडी कोळसा जाळत येडशी, तडवळे, ढोकीवरून जात असे. धाराशिव शहर त्या मार्गापासून बाजूला होते. रूळ रुंद करताना मार्ग वळवला तेव्हा शहराला रेल्वे मिळाली. शंभर वर्षांपूर्वी शेतमाल नेणाऱ्या वाटेने पिण्याचे पाणी आले.

टँकरचा हिशेब करून पाहा. दहा हजार लिटरचा टँकर जाऊन-येऊन ३० किलोमीटर धावला आणि लिटरला चार किलोमीटर गेला तर साडेसात लिटर डिझेल जळते. २० किलो धूर. तेवढेच पाणी विजेच्या पंपाने नळातून शंभर मीटर वर चढवले तर धूर पडतो पावणेतीन किलो.

अनुशेष

इथे मला आपला जुना शब्द आठवला. १९८३ साली राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. रस्ते, सिंचन, गावांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास, पशुवैद्यकीय सेवा या बाबींत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे हे तिने १९८४च्या अहवालात रुपयांत मांडले. राज्याचा एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटींचा. मराठवाड्याच्या राजकारणाची पुढची चाळीस वर्षे या एका शब्दाभोवती फिरली.

ती यादी धुराच्या नजरेने वाचली तर काय दिसते? रस्ता म्हणजे डांबर आणि डिझेल. सिंचन म्हणजे सिमेंट आणि मोटार. विद्युतीकरण म्हणजे कोळसा. शाळा आणि दवाखाना म्हणजे विटा, सळ्या, पंखे. ज्या जिल्ह्याला यांतले कमी मिळाले, त्याच्या नावावर धूरही कमी पडला. रुपयांत मोजलेल्या प्रत्येक अनुशेषामागे धुराचाही एक अनुशेष होता. तो मांडण्याचे कारण तेव्हा कोणाला पडले नाही.

देशांच्या पातळीवर हा मुद्दा १९९१मध्ये दिल्लीच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी मांडला. एका अमेरिकी संस्थेने भारत आणि चीनला मोठे दोषी ठरवले होते. या दोघांनी विचारले, भाताच्या खाचरातला मिथेन आणि श्रीमंताच्या दुसऱ्या मोटारीचा धूर एका तागडीत कसा तोलता? जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन, असा भेद त्यांनी केला. मोजणीचा घोळही तेव्हाच उघड झाला. भारतीय भातशेतीचा मिथेन बाहेरच्या अंदाजात वर्षाला पावणेचार कोटी टनांच्या आसपास धरला होता, ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने शेतात मोजल्यावर तो ४० लाख टनांच्या आसपास भरला. न मोजणाऱ्याच्या माथी दुसऱ्याचा अंदाज बसतो, हा धडा जिल्ह्यांनाही लागू आहे.

आपल्याकडे भात नाही, शेळी आहे. उस्मानाबादी शेळी, काळी, काटक, जुळी देणारी. आंतरराष्ट्रीय तक्त्यात आपल्यासारख्या देशातल्या शेळीला वर्षाला पाच किलो मिथेन लावतात. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरला तर एक शेळी १४० किलो. दहा शेळ्या पाळणाऱ्या विधवेच्या नावावर १.४ टन. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या डिझेल मोटारीचा सुमारे ७,८०० किलोमीटरचा प्रवास तेवढाच भरतो. तक्ता खोटा नाही. पण मिथेन सुमारे बारा वर्षांत हवेतून विरतो. कळप तेवढाच राहिला तर हवेतला त्याचा साठा चढत नाही. मोटारीच्या कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग मात्र शतकानुशतके हवेत राहतो. शिवाय दुष्काळात त्या बाईचे बँकखाते म्हणजे तो कळप असतो.

चुलीचेही तसेच. लाकूड-गोवऱ्यांची चूल विझून गॅस आला की १४.२ किलोच्या टाकीमागे ४२ किलो धूर वहीत नव्याने चढतो. चुलीपुढे खोकणाऱ्या बाईची छाती मोकळी होते. वाढलेल्या त्या आकड्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

अनुशेष भरायचा कसा

मग धुराचा अनुशेष हक्काने भरून काढायचा, मुंबई-ठाण्याएवढा धूर आपणही करायचा, असे म्हणायचे का? काही काळ मला तसे वाटत होते. दोन गोष्टींनी मत बदलले.

पहिली म्हणजे बिल कोणाच्या दारात येते हे पाहिले. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. पडेल तेव्हा पाऊस अंगावर कोसळतो. सप्टेंबर २०२५मध्ये परांडा-भूम भागात नद्या घराघरांत शिरल्या आणि दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यात हेलिकॉप्टरने माणसे काढावी लागली. धूर कुणाचाही असो, खरडून गेलेली माती आपली होती.

दुसरी गोष्ट हिशेबातून आली. आपला सर्वांत जुना अनुशेष पाण्याचा. कृष्णा-मराठवाडा योजनेत धाराशिव आणि बीडच्या आष्टीसाठी पहिल्या टप्प्यात सात टीएमसी पाणी उचलायचे आहे. सात टीएमसी म्हणजे सुमारे १९ कोटी ८० लाख घनमीटर. तेवढे पाणी शंभर मीटर वर चढवायला, पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरून, ७ कोटी ७० लाख युनिट वीज लागते. ती आजच्या जाळ्यातून घेतली तर ५४ हजार टन धूर. एकट्या धाराशिवच्या माणसांवर वाटला तरी माणशी ३३ किलो, गॅसच्या एका टाकीहून कमी. उचल जितके शंभर मीटर, तितक्या पटीने हा आकडा वाढवायचा.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. जिल्ह्यात कौडगावला महानिर्मितीचा ५० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. आपल्या उन्हात असा प्रकल्प वर्षाला सव्वाआठ कोटी युनिटांच्या आसपास वीज देऊ शकतो. म्हणजे शंभर मीटर उचलीला एक कौडगाव पुरून उरते, आणि पाणी दिवसा उचलले तर बॅटरीचीही गरज पडत नाही. बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या फिरताहेत. ज्या उन्हाने आणि वाऱ्याने आपल्याला कोरडे केले, तेच आपले इंधन होऊ शकते. अट एवढीच, की ती वीज आपल्या उपशाला आणि आपल्या शेतकऱ्याच्या मोटारीला आधी मिळावी. नाहीतर चंद्रपूरला धूर आणि मुंबईला दिवा, तसे धाराशिवला जमिनीचे तंटे आणि हिरवेपणाचे श्रेय दुसऱ्या कुणाच्या वहीत, असे होईल.

म्हणजे अनुशेष भरायचा तो पाण्याचा, छपराचा, दवाखान्याचा. त्यासाठी पूर्वी जो धूर लागत असे त्यातला बराचसा आता टाळता येतो. कायाच्या गुणाकारातली शेवटची संख्या शून्याकडे नेता येते. आणि अनुशेष भरलाच नाही, तर धूर वाचत नाही. तो टँकरच्या नळकांड्यातून सातपट निघतो. माझ्या तीन वर्षांच्या शोधाचे सार विचाराल तर इतकेच आहे.

या वर्षी पुन्हा त्या शाळेत गेलो. ती मुलगी आता अकरावीला लातूरला असते, असे कळले. गुरुजी भेटले. मी त्यांना टँकरचा आणि नळाचा हिशेब फळ्यावर करून दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला, साडेसातला २.७ने स्वतः गुणून पाहिले, आणि म्हणाले, "हा पुसू नका, उद्या वर्गात घेतो."